हर्मन हजबंड

हर्मन हजबंड (१७२४ – जून १७९५) हे अठराव्या शतकातील एक अमेरिकन शेतकरी, पुस्तिकाकार आणि लोकप्रतिनिधी होते. नॉर्थ कॅरोलायना वसाहतीतील रेग्युलेटर चळवळीचे प्रमुख प्रवक्ते म्हणून ते प्रथम पुढे आले. वसाहतीच्या विधानसभेवर ते निवडून गेले आणि पुढच्याच वर्षी त्याच सभेने त्यांची हकालपट्टी करून त्यांना तुरुंगात टाकले. अमेरिकन राज्यक्रांतीच्या काळात ते पेनसिल्व्हेनिया राज्याच्या विधिमंडळाचे सदस्य झाले. सत्तरीला पोहोचल्यावर 'व्हिस्की बंड' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या करविरोधी उठावात त्यांना अटक झाली. बहुसंख्य मतदार शेतकरी असूनही विधिमंडळात शेतकऱ्यांचे हित का जपले जात नाही, हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर मांडला. मतदारसंघाच्या आकारात त्यांना त्याचे उत्तर सापडले होते. त्यांच्या आडनावाचे व नावाचे स्पेलिंग जुन्या कागदपत्रांत वेगवेगळे आढळते. 'हर्मन' व 'हर्मोन' ही दोन्ही रूपे प्रचारात आहेत.

प्रारंभिक जीवन

हजबंड यांचा जन्म मेरीलँड वसाहतीतील सेसिल काउंटीत एका सधन, गुलाम बाळगणाऱ्या जमीनदार कुटुंबात झाला. घराणे अँग्लिकन पंथाचे होते. १७३९ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षाच्या आसपास, त्यांनी इंग्लंडहून आलेले फिरते धर्मोपदेशक जॉर्ज व्हाइटफील्ड यांचे प्रवचन ऐकले आणि त्यांच्या धार्मिक जीवनाला वेगळे वळण लागले. आधी ते प्रेस्बिटेरियन पंथाच्या सुधारणावादी शाखेत गेले आणि नंतर क्वेकर झाले. माणसाच्या अंतःकरणातील प्रकाश हाच धर्माचा अंतिम आधार होय, पुरोहिताची मध्यस्थी आवश्यक नाही, ही क्वेकर शिकवण त्यांना पटली. आपल्या या आध्यात्मिक प्रवासाचा वृत्तान्त त्यांनी लिहून ठेवला होता. तो १७६१ मध्ये छापला गेला.

शस्त्र न उचलण्याचे क्वेकर व्रत त्यांनी पुढे पंथाबाहेर पडल्यावरही सोडले नाही. त्यांच्या राजकीय जीवनातील कित्येक घटनांचा उलगडा या एका गोष्टीने होतो.

नॉर्थ कॅरोलायनातील शेती

१७५० च्या दशकाच्या मध्यास हजबंड जमिनीच्या शोधात नॉर्थ कॅरोलायनात आले. वसाहतीच्या उत्तरार्धातील जमिनीची मालकी त्या वेळी इंग्लंडमधील अर्ल ग्रॅनव्हिल यांच्याकडे होती आणि त्यांचे स्थानिक कारभारी जमीन देताना मनमानी शुल्क उकळत होते. हजबंड यांनी या गैरप्रकारांविषयी थेट ग्रॅनव्हिल यांनाच लिहून कळवले. अधिकाऱ्यांची तक्रार लेखी, मुद्देसूद आणि वरिष्ठांच्या दारात नेऊन करण्याची त्यांची पद्धत येथूनच दिसू लागते.

पुढे ते ऑरेंज काउंटीतील सँडी क्रीक या ओढ्याकाठी स्थायिक झाले. हा भाग आज रँडॉल्फ काउंटीत येतो. तेथे त्यांनी गव्हाची व चाऱ्याची उत्तम शेती उभी केली आणि कालांतराने हजारो एकर जमीन मिळवली. त्यामुळे त्यांना 'गरीब शेतकरी' म्हणणे चुकीचे ठरेल. ते आपल्या परिसरातील सर्वांत सुस्थितीतील शेतकऱ्यांपैकी एक होते. मात्र कुटुंबाची परंपरा मोडून त्यांनी गुलामगिरीला विरोध केला. १७६४ मध्ये पंथांतर्गत वादात त्यांनी स्थानिक क्वेकर मंडळाच्या निर्णयाविरुद्ध भूमिका घेतली आणि मंडळाने त्यांना बहिष्कृत केले.

डोईपट्टी, दस्त आणि वकील

१७६० च्या दशकात पश्चिमेकडील शेतकऱ्यांची मुख्य तक्रार कराच्या रकमेइतकीच तो वसूल करण्याच्या रीतीविषयी होती. कर प्रामुख्याने डोईपट्टीच्या स्वरूपात होता. म्हणजे दहा एकरांचा कास्तकार आणि दहा हजार एकरांचा जमीनदार यांच्यावर माणशी आकारणी सारखीच. कर रोखीत भरावा लागे आणि रोख पैसा तर कोणाकडेच नव्हता, कारण ब्रिटिश संसदेने १७६४ च्या कायद्याने वसाहतींच्या कागदी चलनावर निर्बंध आणले होते. वेळेत रोख रक्कम न भरणाऱ्याचा घोडा किंवा गाय शेरीफ जप्त करून नेई आणि दूर कोठेतरी कवडीमोलाने लिलावात विकी. वसूल झालेला पैसा खजिन्यापर्यंत पोहोचेलच याची शाश्वती नव्हती. शेरीफांनी वसूल रकमेपैकी निम्म्याहून अधिक रक्कम गिळंकृत केली आहे, असे खुद्द गव्हर्नर विल्यम ट्रायन यांनीच १७६७ मध्ये लिहिले आहे. त्याच सुमारास न्यू बर्न येथे ट्रायन यांच्यासाठी एक भव्य प्रासाद बांधला जात होता. विधानसभेने त्यासाठी आधी ५,००० पौंड व नंतर आणखी १०,००० पौंड मंजूर केले होते.

न्यायालयीन शुल्काचा प्रश्न याहून जाचक होता. ग्रॅनव्हिल काउंटीतील जॉर्ज सिम्स नावाच्या शिक्षकाने १७६५ मध्ये केलेल्या एका भाषणात त्याचा हिशेब मांडला आहे. पाच पौंडांच्या साध्या कर्जासाठी एखाद्या गरिबावर दावा झाला, तर एकट्या कारकुनाचे शुल्क फेडण्यासाठी त्याला सत्तावीस दिवसांहून अधिक काळ मजुरी करावी लागे. वकील आणि शेरीफ यांचे देणे त्यानंतर उरेच. 

या व्यवस्थेचा ऑरेंज काउंटीतील चेहरा म्हणजे एडमंड फॅनिंग. येल महाविद्यालयाचे पदवीधर असलेले हे वकील एकाच वेळी दस्तनोंदणी अधिकारी, न्यायाधीश, मिलिशियाचे कर्नल आणि विधानसभेचे सदस्य होते. ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची आणि ज्याच्यापुढे ती करायची, तो माणूस एकच होता.

रेग्युलेटर चळवळ

१७६६ मध्ये हजबंड व त्यांच्या शेजाऱ्यांनी 'सँडी क्रीक असोसिएशन' स्थापन केली. तिची मागणी अगदी माफक होती. काउंटीतील अधिकाऱ्यांनी व प्रतिनिधींनी ऑक्टोबरमध्ये मॅडक यांच्या गिरणीवर येऊन लोकांना कराचा हिशेब द्यावा आणि आपले प्रतिनिधी कसे मत देतात हे मतदारांना कळावे, एवढेच तिचे म्हणणे होते. ठरलेल्या दिवशी लोक जमले; अधिकारी आले नाहीत. अशी सभा बोलावणे हाच उद्धटपणा आहे, असा फॅनिंग यांचा पवित्रा होता.

१७६८ पासून या असंतोषाला 'रेग्युलेटर' म्हणजे कारभाराचे नियमन करू पाहणारे, असे नाव मिळाले आणि त्याचे स्वरूप उग्र होत गेले. लोकांनी कर न भरण्याची शपथ घेतली. हजबंड औपचारिक अर्थाने रेग्युलेटर संघटनेचे सदस्य नव्हते आणि त्यांनी दंगलीत भाग घेतल्याचे दिसत नाही. अर्ज, निवेदने व युक्तिवाद लिहिणे हे त्यांचे काम. तरीही मे १७६८ मध्ये फॅनिंग यांनी त्यांना व विल्यम बटलर यांना अटक करून हिल्सबरो येथे डांबले. दुसऱ्या दिवशी सुमारे ७०० शेतकरी गावाबाहेर येऊन उभे राहिले, तेव्हा दोघांनाही सोडून देण्यात आले. यापुढे लोकांच्या भानगडीत पडणार नाही, असे वचन हजबंड यांच्याकडून आधी घेण्यात आले होते.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये हिल्सबरोच्या न्यायालयात दोन्ही बाजूंचे खटले चालले. हजबंड निर्दोष सुटले. विहित दरापेक्षा अधिक शुल्क घेतल्याबद्दल फॅनिंग दोषी ठरले आणि त्यांना प्रत्येक गुन्ह्यामागे एक पेनी दंड झाला. ज्यांचा तोवर न्यायालयावर थोडाफार विश्वास होता, त्यांचाही या निकालाने तो उडाला असावा.

विधानसभेत निवड आणि हकालपट्टी

१७६९ च्या निवडणुकीत ऑरेंज काउंटीने फॅनिंग यांना नाकारून हजबंड व जॉन प्रायर यांना निवडून दिले. मात्र विधानसभेची रचनाच पश्चिमेला प्रतिकूल होती. किनाऱ्याकडील काही जुन्या, लहान काउंट्यांना प्रत्येकी पाच प्रतिनिधी होते. पश्चिमेकडील विस्तीर्ण व झपाट्याने भरत चाललेल्या काउंट्यांना दोनच. पराभूत फॅनिंग यांच्यासाठीही वाट काढण्यात आली. १७७० मध्ये हिल्सबरो गावाला स्वतंत्र जागा बहाल झाली आणि त्या जागेवरून ते पुन्हा सभागृहात आले.

१७७० मध्येच हजबंड यांची प्रमुख पुस्तिका निर्नावी प्रसिद्ध झाली. नॉर्थ कॅरोलायनातील सार्वजनिक वादांचा उगम व कारणे यांचा निःपक्षपाती वृत्तान्त, असे तिच्या लांबलचक शीर्षकाचे सार सांगता येईल. निःपक्षपातीपणाचा दावा सोडून द्यावा लागतो, पण अर्ज, पत्रे, उत्तरे व न्यायालयीन घटना क्रमाने देऊन बाजू मांडण्याची तिची पद्धत आजही उपयुक्त आहे. चळवळीविषयी आतल्या बाजूने सांगणारे इतके तपशीलवार समकालीन लेखन दुसरे नाही.

सप्टेंबर १७७० मध्ये रेग्युलेटरांनी हिल्सबरोचे न्यायालय उधळले, वकिलांना मारहाण केली आणि फॅनिंग यांचे घर पाडले. न्यायाधीश रिचर्ड हेंडरसन रात्री पळून गेले. या पार्श्वभूमीवर डिसेंबरमध्ये अधिवेशन भरले, तेव्हा सभागृहाचा रोख हजबंड यांच्याकडे वळला. दंगलींना चिथावणी देणे, वृत्तपत्रात एका न्यायाधीशाची बदनामी करणारे पत्र छापणे, समितीपुढे खोटे बोलणे आणि आपल्याला अटक झाल्यास लोक चालून येतील असे सूचित करून सभागृहाला धमकावणे, असे आरोप ठेवून २० डिसेंबर १७७० रोजी त्यांना विधानसभेतून काढून टाकण्यात आले. लगेच त्यांना न्यू बर्नच्या तुरुंगात घालण्यात आले. त्या वेळी सभापतिपदी रिचर्ड कॅसवेल होते. स्वातंत्र्यानंतर नॉर्थ कॅरोलायना राज्याचे पहिले गव्हर्नर झाले ते हेच.

जानेवारी १७७१ मध्ये सॅम्युअल जॉन्स्टन यांनी मांडलेला कडक दंगलविरोधी कायदा संमत झाला. आरोपीवर कोणत्याही काउंटीत खटला चालवण्याची आणि साठ दिवसांत शरण न येणाऱ्याला कायद्याच्या संरक्षणाबाहेर घोषित करण्याची त्यात तरतूद होती. पण हजबंड यांच्याविरुद्ध आरोपपत्र देण्यास ग्रँड ज्युरीने नकार दिला आणि फेब्रुवारीत ते सुटले. त्यांच्या सुटकेसाठी निघालेले शेतकरी वाटेतूनच परतले.

अलामन्सची लढाई

१६ मे १७७१ रोजी ट्रायन यांची हजाराहून थोडी अधिक, तोफांनी सज्ज मिलिशिया आणि सुमारे २,००० रेग्युलेटर अलामन्स ओढ्याजवळ समोरासमोर आले. रेग्युलेटरांपैकी पुष्कळांकडे बंदुकाही नव्हत्या. गव्हर्नर बोलणी करतील अशी अनेकांची समजूत होती. हजबंड यांनी तडजोडीचा प्रयत्न केला. गोळीबार अटळ दिसताच ते घोड्यावर बसून निघून गेले. विरोधकांनी याला पळपुटेपणा म्हटले. क्वेकर शिकवणीत वाढलेल्या माणसापुढे दुसरा मार्ग नव्हता, असे त्यांच्या बाजूने म्हटले जाते. दोन्ही मतांत तथ्य आहे. लोकांना रणांगणापर्यंत आणणाऱ्या शब्दांत त्यांचा वाटा मोठा होता.

दोन तासांत रेग्युलेटरांचा पराभव झाला. एका बंदिवानाला रणांगणावरच चौकशीविना फाशी देण्यात आले आणि १९ जूनला हिल्सबरो येथे आणखी सहा जणांना. ट्रायन यांच्या सैन्याने सँडी क्रीकवर हजबंड यांच्या शेतात तळ ठोकला आणि उभ्या गव्हात व चाऱ्याच्या कुरणात घोडे सोडून पीक नष्ट केले. हजबंड, बटलर, जेम्स हंटर व रेडनॅप हॉवेल यांना जिवंत वा मृत आणून देणाऱ्यास १०० पौंड व १,००० एकर जमीन असे बक्षीस जाहीर झाले. सहा हजारांहून अधिक पुरुषांना राजनिष्ठेची शपथ घ्यावी लागली.

पेनसिल्व्हेनिया

हजबंड मेरीलँडमार्गे पेनसिल्व्हेनियाच्या पश्चिमेकडील डोंगराळ मुलखात गेले. आजच्या सॉमरसेट काउंटीतील 'ग्लेड्स' नावाच्या या गवताळ पठाराभोवतालची जमीन १७६८ च्या फोर्ट स्टॅनविक्स तहाने इरोक्वा राष्ट्रसंघाकडून घेण्यात आली होती आणि गोऱ्या वसाहतकऱ्यांसाठी नुकतीच खुली झाली होती. 'टस्केप डेथ' असे विचित्र नाव धारण करून ते तेथे एका शिकाऱ्याच्या आसऱ्याने राहिले. पुढे कुटुंबही आले आणि वयाच्या पन्नाशीत त्यांनी पुन्हा झाडे तोडून नवी शेती सुरू केली.

राज्यक्रांतीने त्यांना पुन्हा राजकारणात आणले. पेनसिल्व्हेनियाची १७७६ ची राज्यघटना त्या काळातील सर्वांत लोकाभिमुख घटनांपैकी एक होती. विधिमंडळाचे एकच सभागृह, दरवर्षी निवडणूक आणि कर भरणाऱ्या प्रौढ पुरुषांना, जमिनीची अट न घालता, मताधिकार ही तिची वैशिष्ट्ये. १७७७ मध्ये बेडफर्ड काउंटीने हजबंड यांना या सभागृहात पाठवले. फिलाडेल्फिया त्या वेळी ब्रिटिश सैन्याच्या ताब्यात गेल्यामुळे अधिवेशन लँकेस्टर येथे भरत होते.

येथे त्यांनी मांडलेला विषय शेतकऱ्याच्या जुन्याच दुखण्याचा, म्हणजे चलनाचा होता. युद्धकाळातील कागदी नोटांची किंमत अनिर्बंध घसरत होती. नोटांचे मूल्य ठरावीक, जाहीर दराने हळूहळू कमी होऊ द्यावे, म्हणजे पैसा साठवणाऱ्यावर आपोआप कर बसेल आणि तो व्यवहारात फिरत राहील, अशी त्यांची योजना होती. सभागृहाने ती स्वीकारली नाही.

मतदारसंघाचा प्रश्न

दोन विधिमंडळांचा अनुभव पाठीशी घेऊन हजबंड यांनी १७८२ मध्ये अमेरिकेच्या शासनव्यवस्थेत सुधारणा सुचवणारी पुस्तिका प्रसिद्ध केली. तिच्यातील मध्यवर्ती निरीक्षण साधे आहे. मेहनती शेतकऱ्याला त्याच्या शिवारापलीकडे फारसे कोणी ओळखत नाही. संपूर्ण काउंटीत ज्यांचे नाव ठाऊक असते ते वकील, व्यापारी, खानावळींचे मालक व अधिकारी. मतदारसंघ काउंटीएवढा मोठा असला की मते देणारे शेतकरी आणि निवडून येणारे मात्र हेच लोक, असे दरवेळी घडते. मतदारांना दोष देऊन उपयोग नाही. अनोळखी माणसाला मत कोण देणार?

यावर त्यांचा उपाय असा की, प्रतिनिधी टाउनशिपच्या, म्हणजे साधारणपणे शेजारपाजारच्या वस्त्यांच्या पातळीवर निवडावेत. तेथे सगळे एकमेकांना ओळखतात. या लहान सभांनी वरच्या सभांसाठी माणसे पाठवावीत. अशा रीतीने साध्या माणसाला कारभाराचे शिक्षण पायरीपायरीने मिळेल. जमीन बळकावून ठेवणाऱ्या सट्टेबाजांना आळा घालून प्रत्यक्ष कसणाऱ्याला ती मर्यादित प्रमाणात मिळावी, हाही त्यांच्या योजनेचा भाग होता.

या व्यवहारी विचारांना एक गूढ धार्मिक बाजूही होती. १७७९ मध्ये अ‍ॅलेघनी पर्वतात हिंडताना त्यांना जाणवले की बायबलमधील एझेकिएलच्या ग्रंथात वर्णिलेले नवे जेरुसलेम ते हेच आणि ही पर्वतरांग म्हणजे त्याची पूर्वेकडील भिंत. मोजणीदाराच्या काटेकोरपणे ते या नगरीच्या सीमा नकाशावर आखत बसत. पिट्सबर्गचे वकील व लेखक ह्यू हेन्री ब्रॅकेनरिज यांनी आपण त्यांच्या घरी गेलो असता ही सारी कल्पना ऐकून घेतल्याचे, काहीशा थट्टेच्या सुरात, नमूद केले आहे. अनेक समकालीनांनी त्यांना वेडगळ ठरवले, आणि मतदारसंघाविषयीचा त्यांचा युक्तिवादही त्या वेडात जमा झाला.

१७८७ च्या संघीय राज्यघटनेला त्यांनी विरोध केला. घटनेने प्रतिनिधिगृहातील एका सदस्यामागे किमान तीस हजार लोकसंख्या ठरवली होती. १७८८ मध्ये पहिल्या काँग्रेससाठी पेनसिल्व्हेनियाने आपले आठही प्रतिनिधी संपूर्ण राज्य हा एकच मतदारसंघ धरून निवडले. हजबंड काउंटीला मोठी म्हणत होते; येथे तर काउंटीही उरली नव्हती.

व्हिस्की बंड आणि मृत्यू

१७९१ मध्ये अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांच्या पुढाकाराने मद्यावर संघीय अबकारी कर बसला. डोंगरापलीकडच्या शेतकऱ्यासाठी धान्य गाळून केलेली व्हिस्की ही वाहून नेता येण्याजोगी आणि चलनाची उणीव भागवणारी वस्तू होती. लहान भट्टीवाल्याला मोठ्या उत्पादकापेक्षा दर गॅलनमागे प्रत्यक्षात जास्त कर पडे. शिवाय कर रोखीत भरायचा आणि खटल्यासाठी थेट फिलाडेल्फिया गाठायचे. नॉर्थ कॅरोलायनातील तक्रारी पंचवीस वर्षांनी जवळपास जशाच्या तशा परत आल्या होत्या.

जुलै १७९४ मध्ये कर-निरीक्षक जॉन नेव्हिल यांचे घर जाळले गेले. १४ ऑगस्टला पार्किन्सन्स फेरी येथे भरलेल्या प्रतिनिधींच्या सभेत हजबंड हजर होते. ठराव तयार करण्यासाठी नेमलेल्या छोट्या समितीत अल्बर्ट गॅलॅटिन, ब्रॅकेनरिज व डेव्हिड ब्रॅडफर्ड यांच्यासह त्यांचा समावेश होता. कराला विरोध, पण हिंसेलाही विरोध, अशी त्यांची भूमिका होती. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी सुमारे तेरा हजारांची मिलिशिया पश्चिमेकडे धाडली. प्रत्यक्ष लढाई झालीच नाही. ऑक्टोबरमध्ये हजबंड यांना पकडून फिलाडेल्फियाच्या तुरुंगात नेण्यात आले.

हिवाळाभर ते कोठडीत होते. त्यांच्यावरील आरोप टिकले नाहीत आणि मे १७९५ मध्ये त्यांची सुटका झाली. पण तुरुंगात प्रकृती ढासळली होती. घरी परतण्याच्या वाटेवर, फिलाडेल्फियाजवळच्या एका खानावळीत, जून १७९५ मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बेडफर्डमधून सॉमरसेट ही नवी काउंटी वेगळी करण्यात आली होती.

मूल्यमापन

एकोणिसाव्या शतकातील स्थानिक इतिहासकारांनी अलामन्सला अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाची पहिली लढाई ठरवले आणि हजबंड यांना आद्य देशभक्तांच्या पंगतीत बसवले. हे मत आता मागे पडले आहे. ट्रायन यांच्या बाजूने लढलेले कॅसवेल यांच्यासारखे अनेक अधिकारी पुढे स्वातंत्र्यलढ्याचे नेते झाले. उलट रेग्युलेटरांचा रोष इंग्लंडच्या राजावर नसून स्थानिक सत्ताधाऱ्यांवर होता. मार्योलाइन कार्स यांनी २००२ मधील ग्रंथात या चळवळीमागील धार्मिक प्रेरणा उलगडून दाखवल्या. ब्रूस स्ट्युअर्ट यांचे हजबंड यांच्यावरील चरित्र २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. डायना गॅबल्डन यांच्या 'द फायरी क्रॉस' या ऐतिहासिक कादंबरीत हजबंड एक पात्र म्हणून येतात. अलामन्सचे रणांगण आज नॉर्थ कॅरोलायना राज्याने जतन केलेले ऐतिहासिक स्थळ आहे, तर पेनसिल्व्हेनियातील सॉमरसेट काउंटीत 'हजबंड' नावाची एक लहान वस्ती आहे.